कंपनीच्या मुलखातली रयत

२०१७ साली डेन्मार्कने कॅस्पर क्लिंगे या मुरलेल्या मुत्सद्द्याला एका नव्या नेमणुकीवर पाठवले. त्याआधी ते इंडोनेशियात राजदूत होते. नव्या जागी मात्र ना राजधानी होती, ना राष्ट्रप्रमुख. ठाणे कॅलिफोर्नियात, सिलिकॉन व्हॅलीत. आणि बोलणी करायची ती गूगल, फेसबुक, ॲपल अशा कंपन्यांशी. एका सार्वभौम देशाने खासगी कंपन्यांच्या दारी वकील ठेवावा याची तेव्हा बरीच गंमत वाटली लोकांना. डेन्मार्कचा हिशोब सरळ होता. या कंपन्यांच्या निर्णयांचा डॅनिश माणसाच्या रोजच्या जगण्यावर जेवढा परिणाम होतो तेवढा बऱ्याच देशांच्या निर्णयांचा होत नाही, मग वकिलात तिथे का नको? (पुढे २०२० मध्ये क्लिंगे सरकारी नोकरी सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. परक्या दरबारी पाठवलेला वकील तिथेच चाकरीला राहिला, तर आपल्या बखरकारांनी त्यावर काय लिहिले असते, याची कल्पना करून पाहावी.)

प्लॅटफॉर्म म्हणजे एक सरकारच, ही तुलना आता चांगलीच रुळली आहे. टीकाकार ती करतात आणि मालकही करतात. फेसबुक ही नेहमीच्या कंपनीपेक्षा अनेक अर्थांनी सरकारासारखी आहे, असे मार्क झुकरबर्ग यांचे मत डेव्हिड कर्कपॅट्रिक यांच्या २०१० सालच्या ‘द फेसबुक इफेक्ट’ या पुस्तकात नोंदलेले आहे. एकदा तुलना स्वीकारली की जोड्या जुळवणे सोपे. अटी-शर्ती म्हणजे राज्यघटना, मॉडरेटर म्हणजे फौजदार, अकाउंट बंद होणे म्हणजे तडीपारी. वर्तमानपत्री लेखाला एवढे पुरते. पण या जोड्या सगळ्या दंडाच्या बाजूने लावलेल्या आहेत. सत्ता कशी शिक्षा करते एवढे पाहून कोणत्याही राज्याची जात कळत नाही. तिथल्या रयतेच्या हाती काय आहे ते पाहावे लागते. या पुस्तकातल्या प्रकरणांत मी तेच पाहत गेलो आहे, आणि निघालेले उत्तर मला स्वतःला अपेक्षित नव्हते. मी मतपेटी शोधत होतो.

मतपेटी सापडलीही, आणि तीही फेसबुकवरच. आज हे फार थोड्यांना आठवते. फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीने आपल्या अटी बदलल्या. अकाउंट बंद केले तरी आपण टाकलेले फोटो आणि मजकूर कंपनीकडेच राहणार, असा त्यांचा अर्थ लोकांनी लावला आणि ओरड झाली. कंपनी मागे सरली. नुसती मागे सरली असती तर तो नेहमीचा प्रकार झाला असता. पण तिने जाहीर केले की यापुढे मोठे बदल वापरकर्त्यांच्या मतदानाने होतील. ‘हक्क आणि जबाबदाऱ्यांचे निवेदन’ अशा भारदस्त नावाचा मसुदा आला. एप्रिलमध्ये आठवडाभर मतदान झाले. अट एकच: सक्रिय वापरकर्त्यांपैकी ३० टक्के लोकांनी मत दिले तर निकाल बंधनकारक, नाहीतर तो नुसता सल्ला. तेव्हा वापरकर्ते होते सुमारे २० कोटी, म्हणजे ६ कोटी मते हवी होती. पडली साडेसहा लाखांच्या थोडी वर. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी नव्या मसुद्याला पसंती दिली आणि कंपनीने तोच लागू केला.

खरी कसोटी २०१२ च्या डिसेंबरात लागली. आता प्रस्ताव मतदानाची पद्धतच मोडीत काढण्याचा होता. वापरकर्ते १०० कोटींवर गेलेले, त्यामुळे बंधनकारक निकालासाठी ३० कोटींहून अधिक मते हवीत. मते पडली सुमारे ६ लाख ६९ हजार. त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी सांगितले, मतदान बंद करू नका. मतदान बंद झाले.

यात कोणी कोणाला फसवले असे मी म्हणणार नाही. नियम आधीच जाहीर होता आणि कंपनी त्या नियमाला धरूनच वागली. तो नियमच असा होता की कोणतेही राज्य त्यात तगले नसते. आपल्याकडे लोकसभेच्या निवडणुकीला किमान मतदानाची अट नाही, ती काही उगाच नाही. पण त्याहून पुढचा प्रश्न विचारावा. समजा ३० कोटी लोकांनी खरोखर मत दिले असते, तर कंपनीला बांधून कोण ठेवणार होते? तिचाच शब्द, दुसरे काही नाही. कारण फेसबुकची एक दुसरी मतपेटी होती आणि आजही आहे. कंपनीचे शेअर दोन वर्गांचे आहेत. सामान्य गुंतवणूकदाराच्या एका शेअरला एक मत आणि दुसऱ्या वर्गाच्या एका शेअरला दहा. या दहा मतांच्या शेअरांच्या जोरावर झुकरबर्ग यांच्याकडे एकूण मतांचे बहुमत आहे. त्यांना काढणे भागधारकांनाही शक्य नाही, मग वापरकर्त्यांचे काय घेऊन बसलात! ईलॉन मस्क यांनी डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर ‘मी प्रमुखपद सोडू का’ असा कौल घेतला आणि साडेसत्तावन्न टक्के लोकांनी ‘सोडा’ म्हटले. सहा महिन्यांनी पदावर दुसरी व्यक्ती आली. ४४ अब्ज डॉलरला घेतलेली मालकी जिथल्या तिथे राहिली.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नसावा. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर ज्या सत्तेचे निशाण चढले तीही कंपनीच होती. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर तिची कचेरी, भागधारकांची सभा, संचालक मंडळ, लाभांश. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली तेव्हापासून ती सारा गोळा करू लागली, आणि ज्यांच्याकडून सारा घ्यायचा त्यांचे मत त्या सभेत कुठेच नव्हते. आजच्या प्लॅटफॉर्मना राजेशाही म्हणा, हुकूमशाही म्हणा, सरंजामशाही म्हणा, इंग्रजी अभ्यासकांनी ही सगळी विशेषणे वापरून झाली आहेत. माझ्या मते सर्वांत जवळचा नमुना कंपनी सरकारचाच. दिवाणी, न्याय, टपाल, पलटणी असा राज्याचा सगळा सरंजाम. आणि मुळाशी भागभांडवल.

त्या कंपनीला लगाम कोणी घातला? ब्रिटिश पार्लमेंटने, १७७३, १७८४, १८१३, १८३३ असा टप्प्याटप्प्याने, आणि १८५८ मध्ये तिचे राज्यच काढून घेतले. पहिला कायदा आला तो रयतेच्या कळवळ्यापेक्षा कंपनी कर्जासाठी सरकारच्या दारी आली म्हणून. आज युरोपीय संघ तेच काम वेगळ्या कारणांनी करतो आहे. ज्या प्लॅटफॉर्मचे युरोपात साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते आहेत त्यांनी पोस्ट उडवताना कारण द्यायचे, दाद मागायची सोय ठेवायची, धोक्यांचे मूल्यमापन करायचे. न केल्यास जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट हा तो कायदा. त्याची तपशीलवार चर्चा तिसऱ्या प्रकरणात आहे. इथे एवढेच, की रयत या चित्रातही बाजूलाच उभी आहे. भांडण दोन सत्तांचे आहे.

पेशवाईचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आल्यावर तिचा इथला कारभारी एल्फिन्स्टन याने इथली पंचायत मोडली नाही. दिवाणी तंटे तिच्याकडेच राहू द्यावेत असे त्याचे धोरण होते, आणि १८१९ च्या त्याच्या अहवालात पंचायतीचे गुणदोष दोन्ही आलेले आहेत. तरी पुढच्या काही वर्षांत ती निस्तेज होत गेली, कारण अंमलबजावणीचे बळ कंपनीच्या अदालतीकडे होते. मेटाचे, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचे, ओव्हरसाइट बोर्ड पाहताना मला हे वारंवार आठवते. झुकरबर्ग यांनी २०१८ मध्ये कल्पना मांडली, कंपनीने १३ कोटी डॉलरचा स्वतंत्र न्यास केला, २०२० मध्ये पहिले वीस पंच जाहीर झाले. त्यांत माजी पंतप्रधान होत्या, माजी न्यायाधीश होते, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे कुलगुरू सुधीर कृष्णस्वामी होते. एखादी पोस्ट ठेवावी की काढावी, यावरचा त्यांचा निकाल कंपनीवर बंधनकारक. धोरणाविषयीची शिफारस मात्र ऐच्छिक.

या पंचांना मी हसण्यावारी नेत नाही. ५ मे २०२१ च्या निकालात त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरची बंदी योग्य ठरवली, पण बेमुदत बंदी ही शिक्षा कंपनीच्याच नियमांत कुठे लिहिलेली नाही, असे ठणकावले. नियमात नसलेली शिक्षा देता येणार नाही, हे तत्त्व कोणत्याही चांगल्या न्यायालयाला शोभण्यासारखे आहे. कंपनीने मग मुदत ठरवली, दोन वर्षांची. पण जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेतली बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यपडताळणी थांबवली आणि द्वेषमूलक मजकुराचे नियम सैल केले. हे बदल घाईने आणि नेहमीची पद्धत सोडून जाहीर झाले, अशी नोंद बोर्डाला एप्रिलमध्ये करावी लागली. पंचायतीला तंट्याचा निवाडा करू द्यायचा. सारा किती, हे मात्र कचेरी ठरवणार.

आता वतनदारांकडे वळू. हे प्रकरण मला पुस्तकात सर्वांत आवडते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

रेडिट हे हजारो लहान-मोठ्या समूहांचे गाव आहे. प्रत्येक समूहाचा कारभार बिनपगारी मॉडरेटर पाहतात: नियम करतात, कचरा काढतात, भांडणे सोडवतात. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या ॲपना डेटा पुरवण्याचे दर असे लावले की लोकांना आवडणारी काही ॲप बंदच पडली. निषेध म्हणून १२ जूनला आठ हजारांहून अधिक समूहांनी आपापली कवाडे लावून घेतली. तेव्हा रेडिटचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी मॉडरेटरना जमीनदार म्हटले. म्हणजे जो आधी आला त्याची जहागीर, ती वारसाने पुढे जाणार, लोकांना त्याला हटवता येत नाही. तेव्हा वापरकर्त्यांना मतदानाने मॉडरेटर बदलता यावेत, असेही त्यांनी सुचवले.

हा डाव आपल्या इतिहासात नवा नाही. मध्यवर्ती सत्तेला वतनदार नेहमीच खुपतो. आज्ञापत्रकार रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी वतनदारांना राज्याचे वाटेकरी ठरवून त्यांच्यापासून सावध राहायला सांगितले, आणि त्याच वेळी त्यांना दुखवून चालणार नाही हेही ओळखले. रयतेचा कैवार घेऊन मधल्या वतनदाराला मोडायचे, ही राजाची जुनी चाल आहे, आणि पुष्कळदा त्यात रयतेचे भलेही झाले आहे. पण हफमन यांची उपमा एका जागी लंगडी आहे. पाटलाकडे सनद असे. त्याचा हक्क गोतसभेसमोर सिद्ध करता येई, महजर होई, आणि राजालाही वतन खालसा करताना दहादा विचार करावा लागे. शिवाय तो त्या वतनाचे उत्पन्न खात असे. रेडिटच्या मॉडरेटरकडे सनद नव्हती, उत्पन्न नव्हते. होता तो मान आणि उपसलेले कष्ट. समूह उघडले नाहीत तर तुमच्या जागी दुसरे बसवू, असे कंपनीने कळवताच काही दिवसांत बहुतेक कवाडे उघडली. काहींनी मग गंमत म्हणून फक्त जॉन ऑलिव्हर या विनोदवीराचीच छायाचित्रे टाकायला परवानगी दिली. सनद नसलेल्या वतनदाराच्या हाती एवढेच उरते.

सत्ता सोडू पाहणारा मालकही मोकळा होतो असे नाही. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिस यांनी १९९० च्या सुमारास लॅम्डामू नावाचे एक शब्दांचे जग उभे केले. लोक दूरदूरहून त्यात शिरत, खोल्या बांधत, गप्पा मारत, भांडत. यंत्रणेच्या किल्ल्या असलेल्यांना तिथे जादूगार म्हणत. भांडणे सोडवून कंटाळलेल्या या जादूगारांनी डिसेंबर १९९२ मध्ये जाहीर केले की आम्ही यापुढे फक्त यंत्र चालवू, सामाजिक निर्णय तुमचे तुम्ही घ्या. अर्ज, मतदान, लवाद असे सगळे सुरू झाले. साडेतीन वर्षांनी, मे १९९६ मध्ये, त्याच जादूगारांनी कबूल केले की हे जमलेले नाही. यंत्र चालवायचे म्हटले तरी प्रत्येक तांत्रिक निर्णयात समाजाचा प्रश्न दडलेला असतो. गमतीची गोष्ट अशी, की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जॉन पेरी बार्लो यांनी दाव्होसहून सायबरविश्वाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला होता आणि सरकारांनी आमच्या वाटेला जाऊ नये असे बजावले होते. सरकारे दूर ठेवली तरी सर्व्हरची किल्ली कोणाच्या तरी खिशात असतेच, हे लॅम्डामूच्या रहिवाशांना त्याहून आधी कळले असावे.

मग रयतेच्या हाती काही असते की नाही? असते, आणि ते दख्खनच्या कुणब्याला चांगले माहीत होते. सतराव्या-अठराव्या शतकात इकडे जमीन मुबलक आणि कसणारे हात कमी. जुलूम वाढला, दुष्काळ पडला, फौज उतरली की रयत परागंदा होई. पेठा, पांढऱ्या ओस पडत. मग अंमलदाराला कौल देऊन लोकांना परत बोलवावे लागे: या, वस्ती करा, पहिल्या साली नाममात्र सारा, पुढे इस्ताव्याने दरसाल थोडा थोडा चढता. कुणब्याला मत नव्हते. पण तो बैल-बियाणे घेऊन निघून गेला तर साऱ्याचा आकडा कोसळत होता, आणि हे दोघांनाही ठाऊक होते.

ज्या मोजक्या प्लॅटफॉर्मवर रयतेचे खरोखर चालते तिथे मला हाच हक्क सापडला. विकिपीडियाचे उदाहरण घ्या. २००२ च्या फेब्रुवारीत, तिथे जाहिराती येणार अशी चर्चा होताच, स्पॅनिश विकिपीडियाचे बरेचसे लेखक उठले आणि त्यांनी ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ नावाने वेगळे बिऱ्हाड केले. जाताना त्यांनी लिहिलेले सगळे लेखही नेले, कारण परवानाच तसा होता: मजकूर कोणीही न्यावा, वाढवावा. विकिपीडियावर आजतागायत जाहिराती नाहीत. त्यामागे दुसरीही कारणे असतील, पण लेखक सामानासकट उठून जाऊ शकतात हे चालकांना त्या वेळी स्वच्छ दिसले. तिथले लवाद, चर्चापाने, निवडून आलेले विश्वस्त यांना जे वजन आहे ते या हक्कामुळे आहे, असे माझे मत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या चावडीवरही प्रचालकांच्या नावाने खडे फोडले जातात, पण तिथल्या मजकुराचा सातबारा कोणा एकाच्या नावावर नाही. हा हक्क म्हणजे सर्व रोगांवर औषध आहे असे मात्र नाही. क्रोएशियन विकिपीडिया अनेक वर्षे उजव्या टोकाच्या मूठभर प्रचालकांच्या कह्यात होता आणि त्याचा सविस्तर अहवाल विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. लहान गावात एखाद्या घराण्याचे वर्चस्व मोडणे अवघड असते, ते तिथेही अवघडच गेले.

फेसबुक-इन्स्टाग्रामवरून निघणाऱ्या माणसाला काय नेता येते? स्वतःच्या फोटोंची एक मोठी फाइल. जमवलेली माणसे मागेच राहतात. २०११ मध्ये देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली, तेव्हा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि कंपन्यांची भाषाच बदलली; तसे काही इथे नाही. २९ जून २०२० ला भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि टिकटॉक एका रात्रीत गेले. तिथे नाव कमावलेली आपल्या खेड्यापाड्यांतली पोरे-पोरी दुसऱ्या ॲपवर गेली ती शून्य फॉलोअर घेऊन. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. परागंदा रयतेजवळ या वेळी बैलही नव्हते, हा माझा मुद्दा आहे. युरोपच्या दुसऱ्या एका कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या सेवांवर इतर निरोप-सेवांना जोडून घेण्याची सक्ती केली आहे. ती फार कमी चर्चिली गेली. माझ्या लेखी आजवरच्या सगळ्या मतदानांपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. कंपनीला सरकार म्हणता म्हणता खऱ्या सरकारचा विसर पडू नये. फेसबुक तुमचे अकाउंट बंद करू शकते, तुरुंगात टाकू शकत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, ती पोलिसांकडून. त्या वेळी लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. त्याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मना तक्रार अधिकारी नेमायला लावले, पुढे त्यावर अपील समित्या आल्या. हे उपयोगी आहे. पण त्याच नियमांत दुरुस्ती करून, सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारचाच कक्ष ठरवणार अशी तरतूद आणली गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या बहुमताने ती रद्द ठरली. कंपनीच्या तावडीतून सोडवायला कोणाला बोलवायचे, हा प्रश्न १८५८ च्या रयतेलाही विचारता आला असता.

चीनमधले प्लॅटफॉर्म या पुस्तकात नाहीत. तिथे कंपनी आणि सरकार यांच्यातली रेघ इतकी वेगळी आहे की त्यांचे स्वतंत्र पुस्तक व्हावे, आणि ते चिनी वाचता येणाऱ्याने लिहावे. उलट, ज्यांना लोक सहसा या चर्चेत धरत नाहीत ती कामाची ॲप इथे मुद्दाम घेतली आहेत. जेवण पोहोचवणाऱ्या किंवा टॅक्सी चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘आयडी ब्लॉक झाला’ हे शब्द येतात तेव्हा त्याची चूल बंद होत असते. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी कायदे केले. काम काढून घेण्याआधी कारणासह चौदा दिवसांची नोटीस देण्याची अट कर्नाटकाच्या कायद्यात आहे. पाच-सहा वर्षे उन्हापावसात फिरून मिळवलेले रेटिंग मात्र त्या ॲपवरच राहते, आणि दुसऱ्या ॲपवर नाव नोंदवले की तो पहिल्या दिवसाचा नवखा ठरतो. ते रेटिंग त्याचे की कंपनीचे, या प्रश्नासाठी शेवटची साठ पाने खर्च केली आहेत.